मोटार जयली, भो!

एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला फोन वाजला की पलीकडून नमस्कार-चमत्कार काही येत नाही. "मोटार जयली, भो!" एवढंच येतं. मग एक श्वास घेऊन, "केयी वायून चालली." आमच्या लेवा बोलीत ळ जिभेवर टिकत नाही, त्याचा य होतो. म्हणून आमच्याकडे मोटार जळत नाही, जयते, आणि केळी वाळत नाही, वायते. यावल-रावेरच्या उन्हात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना निसवलेल्या बागेचं पाणी चार दिवस तुटलं, तर वर्षभराचा खर्च घडासकट खाली मान टाकतो. अशा माणसाकडून नमस्काराची अपेक्षा मी ठेवत नाही.

फैजपूरला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. एकतीस वर्षं झाली. त्याआधी दहावी, आयटीआय आणि भुसावळला एका उस्तादांच्या हाताखाली तीन वर्षं. दुकानासमोरून रोज कॉलेजची पोरं जातात आणि त्यांचे बाप दुकानात येऊन बसतात. मोटार खोलून होईपर्यंत बोलायला विषय ठरलेला: "पोराला इंजिनिअरिंगला टाकू, का तुझ्यासारखा आयटीआय करू दे?" यातलं 'तुझ्यासारखा' कधी कौतुकाने येतं, कधी तसं येत नाही. या प्रश्नाला मी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत, आणि त्यातली काही आज परत घ्यावीशी वाटतात. म्हणून हे लिहून काढलं.

१. भिंतीवरचं पुसलं जातं

आमचे उस्ताद शाळेत गेले नव्हते. सही करायचे, तीही चित्र काढल्यासारखी. पण मोटार समोर आली की बोटाने स्लॉट मोजायचे, जुनी तार दोन बोटांत फिरवून गेज सांगायचे. मायक्रोमीटर लावून मी खात्री करायचो. चूक निघायची नाही. कुठल्या मोटारीला किती टर्न, कॉइल कितव्या स्लॉटमधून कितव्यात, हे सगळं दुकानाच्या मागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडलेलं असायचं. पाच रेघांवर आडवी रेघ, एक गोल, दोन फुल्या. ती भाषा त्यांची त्यांनाच कळायची.

एका वर्षी उस्ताद गावाला गेले असताना घरमालकाने चांगल्या मनाने दुकानाला चुना मारून घेतला. उस्ताद परत आले, भिंतीसमोर उभे राहिले आणि काही न बोलता स्टुलावर बसले. चहा आणला तो तसाच गार झाला.

मी रोज संध्याकाळी घरी जाऊन दिवसभराच्या मोटारींचे आकडे वहीत उतरवत असे. कुणी सांगितलं नव्हतं. आयटीआयच्या जर्नलची सवय अंगात राहिली होती, एवढंच. दुसऱ्या दिवशी ती वही उस्तादांपुढे ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी मला 'ए पोऱ्या' म्हणायचं बंद केलं. ती वही अजून दुकानात आहे. आता तिच्या सात वह्या झाल्या आहेत, आणि दुकानाला आग लागली तर आधी त्या बाहेर काढायच्या, तांबं नंतर, असं घरात सांगून ठेवलंय.

२. जळलेली मोटार बोलते

तिन्ही फेजांच्या कॉइली सारख्या काळ्या पडल्या असतील तर मोटारीवर लोड जास्त होता, किंवा व्होल्टेज कमी होतं. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेज करपले आणि तिसरा नव्या नवरीसारखा लखलखतोय, तर लाइनचा एक फेज गेला होता आणि मोटार उरलेल्या दोनांवर गुरगुरत राहिली. एकाच जागी ठिपक्याएवढं भोक असेल तर तिथलं इन्सुलेशन फुटलं. आतून घासल्याची चमक असेल तर बुश किंवा बेअरिंग गेलं. हे वाचन कुठल्याही शाळेच्या वाचनापेक्षा कमी नाही. यात अक्षर-ओळख आहे, व्याकरण आहे आणि खोटं बोलणारा शेतकरीही आहे, जो स्टार्टरची रिले स्वतः सुतळीने बांधून ठेवतो आणि वर सांगतो, "मी हातबी नही लावला."

या कामाला 'डोकं लागत नाही' असं जो म्हणतो, त्याच्याशी मी वाद घालत नाही. त्याच्या हातात एक काळा स्टेटर देतो.

३. नुसती नक्कल एक दिवस अंगावर येते

वरचं वाचून मी उस्तादीच्या बाजूचा वाटत असेन. पुढचं ऐका.

दुकान काढून सात-आठ वर्षं झाली होती. हाताला नाव झालं होतं आणि त्याबरोबर थोडा माजही आला होता. न्हावी गावाकडच्या एका शेतकऱ्याची साडेसात एचपीची मोटार आली. जुने टर्न मोजले, तितकेच भरले, तीच तार वापरली, मोटार सोडली. बारा दिवसांत जळली. माझी चूक समजून फुकट भरून दिली. पुन्हा तितकेच टर्न, पुन्हा जळली. मे महिना. तिसऱ्यांदा तो माणूस आला तेव्हा ओरडला नाही. नुसता बाजेवर बसून राहिला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. तांब्याचे पैसे गेलेच, पण त्याच्या बागेचे तीनशे-चारशे घड हलके निघाले, त्याचं काय करायचं?

गावात एक निवृत्त शिक्षक होते, तंत्रशाळेत शिकवलेले. त्यांच्याकडे स्टेटर घेऊन गेलो. त्यांनी टर्न मोजलेच नाहीत. आधी पट्टीने लोखंडाचा आतला व्यास घेतला, मग गाभ्याची लांबी, दातांची रुंदी. जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर गणित मांडलं आणि म्हणाले, "या लोखंडाला इतके टर्न पायजेत. तू भरले ते सहा-सातने कमी आहेत."

म्हणजे माझ्या आधी कुणीतरी वाइंडरने तार वाचवायला टर्न कमी केले होते, आणि मी त्याची चूक इमानेइतबारे दोनदा उतरवून काढली होती. टर्न कमी पडले की लोखंडावर चुंबकाचा भार वाढतो, मग मोटार पाण्याचा थेंब न उपसताही जास्त करंट ओढते. करंट दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. हे मी आयटीआयत पाठ करून मार्क मिळवले होते. इतकी वर्षं ते माझ्या डोक्यात होतं आणि हात आपला वेगळा चालत होता.

त्यांनी आणखी एक साधी गोष्ट दाखवली. एकशे वीस गुणिले विजेची वारंवारता पन्नास, भागिले पोलची संख्या. दोन पोलची मोटार असेल तर मिनिटाला तीन हजार फेरे. प्रत्यक्षात थोडे कमी, कारण रोटर नेहमी जरा मागे राहतो. आमचा उस्ताद हे फेरे आवाजावरून ओळखायचा. पण ते तीन हजारच का, अडीच हजार का नाहीत, हे त्याला विचारलं असतं तर त्याने माझ्या टाळक्यात पकड मारली असती. हाताला 'कसं' कळतं. 'का' कुणीतरी शिकवावं लागतं, आणि ते शिकवणारा माणूस बहुतेक वेळा खडूच्या धुळीत बसलेला असतो.

पुढचे सहा महिने दर रविवारी त्यांच्याकडे गेलो. फी म्हणून त्यांनी हिवाळ्यात एकदा भरीत-भाकरीचं जेवण घेतलं, तेही वांगी स्वतःच्या शेतातली आणून.

४. 'डिग्री म्हणजे नुसता कागद' म्हणणाऱ्याचं पोरगं कुठे शिकतं ते आधी विचारावं

हे वाक्य मी पंधरा वर्षं चारचौघांत टाळ्यांसाठी वापरलं. त्याच काळात माझा मुलगा सेमी-इंग्रजीत होता, गणिताची शिकवणी वेगळी.

५. इंजिनिअरच्या हातांना हसू नये

माझा एक भाचा बी. ई. होऊन नोकरीच्या शोधात बसला होता, तो तीन महिने दुकानात आला. पहिल्या दिवशी कॉइल स्लॉटमध्ये बसवताना त्याने तारेचं इनॅमल चार ठिकाणी सोललं. दुकानातली पोरं हसली, मीही हसलो. नंतर चहा पिताना त्याला विचारलं, "चार वर्षांत किती मोटारी भरल्या?" म्हणाला, "मामा, प्रॅक्टिकलला पंधरा जणांत एक मोटार. ती पण भरलेलीच यायची. आम्ही रीडिंग घ्यायचो."

त्या पोराला कुणी चार मोटारी बिघडवू दिल्या नव्हत्या. बिघडवल्याशिवाय हात येत नाही, आणि कॉलेजच्या वस्तूला हात लावून बिघडवायची मुभा फक्त शिपायाला असते. उलट माझ्याकडच्या पोरांनी मोटारी भरपूर बिघडवल्या, पण का बिघडली ते त्यांना कुणी फळ्यावर मांडून दाखवलं नाही. भाच्याने तिसऱ्या महिन्यात माझ्या वह्यांमधले आकडे कॉम्प्युटरवर घातले आणि कुठल्या मोटारींत आकडे गणिताशी जुळत नाहीत, त्याची यादी काढून दिली. एकवीस निघाल्या. त्यातल्या नऊ माझ्या हातच्या.

हात आणि फळा यांची ही फारकत आजची नाही, आणि गंमत म्हणजे तिच्यावरचा उतारा आमच्याच गावाने बघितलाय. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. इकडची जबाबदारी वाहणाऱ्यांत धनाजी नाना चौधरी. अधिवेशनाचं टिळकनगर उभारायला गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोसांना बोलावलं, आणि अट घातली की सामान खेड्यातलंच हवं. कलकत्त्याच्या कलाशाळेत शिकलेला तो मोठा चित्रकार आमच्या बांबूत, तट्ट्यांत आणि दोरांत रमला. आमचे आजोबा तिथे तट्टे बांधायला होते असं घरात सांगतात. खरं-खोटं खंडोबाला ठाऊक. पण आखणारा आणि बांधणारा एकाच मांडवाखाली घाम गाळत होते, हे खरंच आहे. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली, झाकीर हुसेन समिती बसली आणि 'नई तालीम' आली: मुलाला हातकामातूनच गणित, भूगोल, इतिहास शिकवायचा.

पुढे तिचं काय झालं ते सगळे जाणतात. शाळेत टकळी आली, आणि टकळीचा तास आला की पोरं पाणी प्यायला जाऊ लागली. हातकाम 'विषय' झालं. हातकामातून विषय शिकवणं मागेच राहिलं.

१९६१ साली आमच्या गावात धनाजी नानांच्या नावाने महाविद्यालय सुरू झालं, आणि त्याच साली दिल्लीत शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. एकाने आमच्या पोरांना पदवीचा दरवाजा उघडला, दुसऱ्याने कारखान्याचा. दोन्ही उपकारच. पण दोन दरवाजांच्या मध्ये भिंत राहिलीच. आयटीआयच्या पोराला पुढे शिकायचं म्हटलं तर त्याच्याकडे असं बघतात, जसं काही तो लग्नाच्या पंगतीत बिनबोलावता बसलाय.

६. पन्नाशीनंतर कंबर हिशोब मागते

हल्ली मोबाइलवर कुणी ना कुणी सांगत असतं की प्लंबर इंजिनिअरपेक्षा जास्त कमावतो, शिका कशाला. उन्हाळ्याचे चार महिने माझा गल्ला पाहिला तर तुम्हालाही तसंच वाटेल. त्यातून तांब्याचे पैसे वजा करा. मग पावसाळा बघा. जुलैत आम्ही दुकानात माश्या मारतो. मग माझा डावा खांदा बघा. तीनशे फुटांवरून कॉलम पाइपसकट मोटार चेनकप्पीने वर घ्यायची, पाइप खोलायचा, पुन्हा ओढायची. एकदा साखळी सटकली आणि खांदा कायमचा गेला. व्हार्निशने बोटांची सालं निघतात, रात्री भाकरी मोडताना झोंबतं. प्रॉव्हिडंट फंड नाही, पेन्शन नाही, आजारपणाची रजा नाही. मी आजारी पडलो तर दुकानाचं शटरही आजारी.

माझा चुलतभाऊ माध्यमिक शाळेत शिक्षक होता. तिशीत मी त्याच्या दुप्पट कमवायचो आणि ते त्याला सुचवायचोही. आता तो निवृत्त आहे, दर महिन्याला पेन्शन येते, सकाळी फिरायला जातो. मी त्याच वेळी चेनकप्पीची तिपाई टेम्पोत चढवत असतो. तो काही सुचवत नाही. माणूस चांगला आहे.

अर्थात त्याच्या मागून आलेल्यांचं नशीब वेगळं. डी. एड., बी. एड. करून हजारो पोरं तयार झाली आणि २०१२ साली शासनाने शिक्षकभरतीच थांबवली. आमच्या भागातल्या एका पोराने संस्थेत चिकटायला जमीन विकून पैसे भरले. तो आज वेफर्स तळतो. चांगले तळतो. पण तळण्यासाठी जमीन विकायची गरज नव्हती.

७. कागद लागतोच

माझ्याकडे एक कारागीर आहे, सातवी नापास. माझ्यापेक्षा त्याचा हात सफाईदार. एका सोलर कंपनीला इकडे दुरुस्तीसाठी माणसं हवी होती. त्याची परीक्षा म्हणून त्यांनी एक मोटार दिली, ती त्याने निम्म्या वेळात खोलून जोडून दाखवली. मग साहेबाने विचारलं, "सर्टिफिकेट?" संपलं. ते काम आयटीआय झालेल्या एका नवख्या पोराला मिळालं, आणि तो पोरगा अडला की फोन कुणाला करतो हे सांगायला नको.

माझा वायरमनचा परवाना आयटीआयच्या कागदावर मिळाला. त्या कागदाला मी देवघरात ठेवत नाही, पण लॅमिनेट करून ठेवलाय. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून काम येणाऱ्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय आली. आमच्या कारागिराला मी त्या चाचणीला बसायला सांगितलं. तो म्हणाला, "आता या वयात मले कोण तपासनार? तपासायले येईल त्यालेच मी शिकोलं असीन." मी दोन वेळा समजावलं, तिसऱ्यांदा गप्प बसलो. ते माझं चुकलं.

८. वधू-वर सूचीत 'हुन्नर' असा रकाना नाही

मुलगा इलेक्ट्रिकलचा पदवीधर. पुण्याला दीड वर्ष नोकरी केली, परत आला, दुकानात बसतो. समाजाच्या सूचीत आम्ही लिहिलं: 'इंजिनिअर, स्वतःचा व्यवसाय.' एका स्थळाकडचे लोक आले. चहा झाला. मुलीच्या वडिलांनी व्यवसाय बघायला म्हणून दुकानात डोकावलं, तेव्हा आमचे चिरंजीव कोपरापर्यंत काळे होऊन इम्पेलर धूत होते. वडील सभ्य होते. जाताना एवढंच म्हणाले, "नोकरी सोडायला नको होती." त्यांच्या स्वतःच्या तीस एकर केळीच्या तीन मोटारी गेली दहा वर्षं मीच भरतोय.

त्यांनाही दोष काय द्यायचा? माझ्या मुलीचं बघताना मीही आधी 'नोकरी' हाच रकाना वाचला होता.

९. बहिणाबाई

इथे कुणी ना कुणी हटकून बहिणाबाईंचा दाखला देतं: "त्या कुठे शिकल्या होत्या?" खरंय. असोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. आणि २०१८ पासून आमच्या जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. म्हणजे फैजपूरच्या पोराच्या पदवीच्या कागदावर निरक्षर बाईचं नाव असतं. मला हे फार आवडतं.

पण दाखला देणारे अर्धीच गोष्ट सांगतात. जात्यावर, शेतात त्यांनी जे रचलं ते मुलगा सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी लिहून ठेवलं होतं. त्या गेल्यावर ती वही आचार्य अत्र्यांसमोर गेली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. वही नसती तर? मला दर वेळी उस्तादांची चुना मारलेली भिंत आठवते. खानदेशात अशा किती भिंती पांढऱ्या झाल्या असतील.

१०. नवी मोटार माझं ऐकत नाही

कुसुम योजना आल्यापासून शिवारात सोलर पंप वाढले. त्यांचा कंट्रोलर म्हणजे बंद डबा. बिघडला की पडद्यावर आकडा दाखवतो, आणि त्या आकड्याचा अर्थ इंग्रजी पुस्तिकेत असतो. पहिल्यांदा मी तो डबा उघडला तेव्हा उस्तादांना भिंतीसमोर कसं वाटलं असेल ते कळलं. वासावरून, आवाजावरून काही लागेना. तिथे मुलगा पुढे झाला, आणि मी टॉर्च धरून उभा राहिलो. तीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या कामासाठी टॉर्च धरला, आणि तोही नीट धरता येत नव्हता; मुलगा दोनदा म्हणाला, "पप्पा, इकडे."

परवाची गोष्ट. आमोद्याकडच्या एका शेतातून फोन: मोटार जयली, भो. गेलो. मुलाने पडद्यावरचा आकडा वाचला, पुस्तिका उघडली आणि सांगितलं, ओव्हरकरंट. मी पाइपला कान लावला आणि म्हणालो, बेअरिंग. तो म्हणाला, आधी इन्सुलेशन मोजू. मी म्हणालो, आधी मोटार वर घेऊ. तिपाई उभी केली, साखळी लावली, शेतकऱ्याने चहा आणला, तरी आमचं चालूच. शेवटी मुलानेच, माझं तोंड बंद व्हावं म्हणून, डब्याचं झाकण काढलं.

आत दोन टर्मिनलच्या मधोमध एक पाल करपून चिकटली होती.

संध्याकाळी दुकानात आल्यावर मुलाने सातवी वही उघडली. तारीख घातली, एचपी लिहिला, कंपनीचं मॉडेल लिहिलं. मग कारणाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: पाल.